आडवाटेची मोटारसायकल

भूमिती शिकविणाऱ्या मास्तराने मोटारसायकलीवर भाषण करावे, हे आपणांपैकी काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु बेळगावच्या पश्चिमेस, खानापूर तालुक्याच्या जंगलपट्टीतील शाळांतून ज्यांनी उमेदीची वर्षे काढली आहेत, त्यांना मोटारसायकल ही हौसेची वस्तू वाटत नाही; खडू आणि फळा यांच्या जोडीची ती शाळेची एक गरज वाटते. बस फाट्यापर्यंत येते. फाट्यापासून वाडीपर्यंत चार-सहा किलोमीटरांची वाट असते. ती उन्हाळ्यात तांबड्या धुरळ्याची आणि पावसाळ्यात तांबड्या चिखलाची. अशा वाटांवर मी बावीस वर्षे दुचाकी चालवीत आलो आहे. मी यंत्रज्ञ नव्हे आणि शर्यतपटूही नव्हे. पडून-उठून माणूस जेवढे शिकतो तेवढेच मी शिकलो आहे, आणि तेवढेच आज आपणांपुढे ठेवणार आहे.

या भाषणाला निमित्त झाली 2025 सालच्या मे महिन्यातील एक संध्याकाळ. माझा एक जुना विद्यार्थी आपल्या आईला बरोबर घेऊन घरी आला. त्याला नुकतीच गुरांच्या दवाखान्याकडे नोकरी लागली होती. पावसाळ्यापूर्वी वाड्यावाड्यांतून जाऊन जनावरांना घटसर्पाची लस टोचावयाची, हे त्याचे काम. लशीची बर्फपेटी बरोबर न्यावी लागते, आणि ती पेटी फार वेळ वाटेत अडकून पडली तर लस वाया जाते. तेव्हा वाहन हवे. त्याच्या हातात एक गुळगुळीत माहितीपत्रक होते. त्यावर बर्फाच्छादित शिखरांच्या पार्श्वभूमीवर दोन्ही बाजूंना पेट्या लावलेली एक धिप्पाड मोटारसायकल उभी होती.

"सर, रस्त्यालाही चालली पाहिजे आणि रानातही चालली पाहिजे," तो म्हणाला. "ही दोन्हीकडे चालते म्हणतात."

त्याची आई माहितीपत्रकाकडे न पाहता माझ्याकडे पाहत होती. "हप्ता पगाराच्या तिसऱ्या हिश्शाएवढा बसतोय बघा, सर. तुम्हीच सांगा ह्याला. तुमचं तरी ऐकेल."

मी त्याला तीन प्रश्न विचारले. दिवसाकाठी तू किती किलोमीटर जाणार, आणि त्यांतले डांबरी किती? बरोबर कोणी असणार, की एकटा? आणि ही गाडी चिखलात आडवी झाली तर ती उचलणार कोण? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्याने चटकन दिली. साठ किलोमीटर, त्यांतले चाळीस डांबरी. आणि बहुतेक दिवस एकटाच. तिसऱ्या प्रश्नावर तो हसला. तेव्हा मी त्याला जी हकीकत सांगितली ती आपणांसही सांगतो.

2014 सालच्या जुलै महिन्यातील गोष्ट. त्या काळी माझ्याजवळ एक भारी मोटारसायकल होती. ती मी का घेतली, याचे खरे उत्तर असे की, ती दाराशी उभी असली म्हणजे येणारा-जाणारा मान वळवून पाहत असे. एका रविवारी मिस्सा आटोपून मी एका आजारी सहकाऱ्याला भेटावयास त्याच्या वाडीकडे निघालो. वाट उताराची होती. जांभ्याच्या पाठीवर शेवाळ धरले होते. पुढचे चाक घसरले आणि गाडी डाव्या अंगावर आडवी झाली. माझा घोटा तिच्याखाली सापडला. पाऊस कोसळत होता. मी पाठीवर पडलो असल्यामुळे जोर लावावयास टेकू मिळेना. सुमारे पाऊण तास मी तसाच होतो. शेवटी गवळी धनगरांपैकी एक वृद्ध गृहस्थ म्हशी घेऊन त्या वाटेने आले. त्यांनी गाडी किंचित वर धरली, मी पाय ओढून घेतला, आणि मग दोघांनी मिळून ती उभी केली. ती उभी करून झाल्यावर त्यांनी तिच्याकडे एकवार न्याहाळून पाहिले आणि म्हणाले, "पडलं तर आपल्याच्यानं उठवता येत नाही, असलं जनावर कशाला पाळायचं, गुरुजी?"

घोटा सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. दहावीचा वर्ग दुसऱ्या शिक्षकांनी सांभाळला. त्या सहा आठवड्यांत मोटारसायकलीविषयी मला जो विचार करता आला, त्याचे सार त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नात आधीच आलेले होते. एकट्याने आडवाटेला जाणाऱ्या माणसाने गाडी निवडताना प्रथम तिचा वेग पाहू नये, रूप पाहू नये. ती पडल्यावर आपल्याला एकट्याने उचलता येईल की नाही, हे पाहावे.

आता मूळ विषयाकडे वळू. डांबरी रस्ता आणि रानवाट हे दोन धनी आहेत, आणि त्यांच्या मागण्या परस्परविरुद्ध आहेत. डांबरी रस्त्याला गाडी बुटकी, जड आणि रस्त्याला धरून चालणारी हवी असते. टायर गुळगुळीतपणाकडे झुकणारे, स्प्रिंगा आखूड व ताठ, आणि इंजिन दूरवर एका लयीत धावणारे, असा त्याचा आग्रह. रानवाटेला नेमके याच्या उलट हवे. गाडी उंच, कृश, हलकी, टायर खाचांचे, स्प्रिंगा लांब आणि मऊ, इंजिन हळू चालीतही न गुदमरता ओढणारे. दोन्ही धन्यांची चाकरी एकाच गाडीने करावयाची, तर तिला दोघांचेही थोडे थोडे ऐकावे लागते. वर्गात काही मुले एखाद्याच विषयात नव्वद गुण मिळवितात आणि काही सर्व विषयांत साठ. ही गाडी त्या दुसऱ्या प्रकारची होय. तिच्याकडून नव्वदांची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. मात्र साठ गुण ती नेमाने मिळविते की नाही, ते तपासून घेतले पाहिजे.

अशा दुहेरी उपयोगाच्या हलक्या गाड्या जगात फार जुन्या नाहीत. जपानच्या यामाहा कंपनीने 1968 साली 'डी. टी. वन' नावाची अडीचशे सी.सी.ची गाडी अमेरिकेत आणली. तिच्यामुळे सामान्य माणसालाही समजले की, एकच हलकी मोटारसायकल घरून रस्त्याने निघून डोंगरात जाऊ शकते आणि तिनेच परत येता येते. आपल्याकडे हा वर्ग पुष्कळ उशिरा आला. खेड्यापाड्यांत पूर्वी दुधाच्या किटल्या वाहणारी राजदूत, मैसूरला तयार होणारी जावा, मद्रासची बुलेट, यांनी आडवाटा तुडविल्या खऱ्या. परंतु त्या मुळात रस्त्याच्याच गाड्या होत्या. आडवाटेसाठी म्हणून मुद्दाम रचलेली देशी गाडी हिरो कंपनीने 2011 साली 'इम्पल्स' या नावाने काढली. दीडशे सी.सी.च्या त्या गाडीची उंची आणि चाके बेतशीर होती, पण हमरस्त्यावर तिची शक्ती अपुरी पडे. काही वर्षांनी ती बंद झाली. पुढे 2016 मध्ये रॉयल एनफील्डची 'हिमालयन' आली आणि 2019 मध्ये हिरोची 'एक्सपल्स 200'. तेव्हापासून आमच्यासारख्या माणसांना निवड करण्याजोगे काही तरी मिळाले.

आता वजनाचे आकडे पाहा. घरोघरी दिसणारी शंभर सी.सी.ची गाडी सुमारे 110 किलो भरते. एक्सपल्स 200 पहिल्यांदा निघाली तेव्हा 154 किलो होती. चार झडपांचे इंजिन लागल्यावर 158 झाली. त्याच कंपनीची 2025 साली आलेली 210 सी.सी.ची गाडी 170 च्या घरात आहे. सुझुकीची अडीचशे सी.सी.ची 'व्ही-स्ट्रॉम एस. एक्स.' 167 किलोंची आहे. 411 सी.सी.ची जुनी हिमालयन 199 किलो होती, आणि 2023 च्या अखेरीस आलेली 452 सी.सी.ची नवी हिमालयन 196 किलो आहे. कागदावर या दोन टोकांत फरक चाळीस किलोंचा दिसतो. चिखलात उभे राहून पाहिले, तर तो फरक सिमेंटच्या जवळजवळ एका पोत्याचा असतो. त्यात लशीची पेटी, रेनकोट आणि हत्यारे यांचे वजन वेगळे. आणि ते सारे सामान गाडीच्या वरच्या भागी बसते, म्हणून तोल जाताना अधिकच जाणवते.

गाडी उचलण्याचीही एक रीत आहे. ती मला पडल्यानंतर कळली. आपणांस आधी कळावी. प्रथम इंजिन बंद करावे. गाडी उजव्या अंगावर पडली असेल, तर बाजूचे स्टँड आधीच बाहेर काढून ठेवावे, नाही तर उभी केलेली गाडी पलीकडे कोसळते. गिअर टाकलेला असावा, म्हणजे ती चालू लागत नाही. मग गाडीकडे पाठ करून, गुडघे वाकवून, एका हाताने हँडलची खालची मूठ आणि दुसऱ्या हाताने मागचा कठडा धरावा आणि मागे मागे पावले टाकीत पायांच्या बळावर तिला वर ढकलावे. कंबरेने ओढू नये. गाडी विकत घेण्यापूर्वी एखाद्या मित्राची तीच गाडी मऊ गवतावर हलकेच आडवी करून ही परीक्षा द्यावी. मित्र रागावेल, पण पुढची पाच वर्षे आपण त्याचे आभार मानाल.

यानंतर येते माती. बेळगाव जिल्ह्यात दोन प्रकारच्या मातींशी आपली गाठ पडते. पश्चिमेस जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या बाजूला तांबडी जांभ्याची जमीन. सुक्या दिवसांत तिच्यावर बारीक गोल खडे पसरलेले असतात. ते चाकाखाली बेअरिंगच्या गोळ्यांसारखे फिरतात. पावसाळ्यात त्याच दगडावर शेवाळ चढते. पूर्वेस बैलहोंगलकडे गेलात की काळी माती लागते. ती निसरडी असतेच, शिवाय चिकटही असते. ओल्या शेतवाटेवर शंभर पावले जाईपर्यंत ती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये गच्च भरते आणि चाक फिरेनासे होते. आडवाटेच्या गाड्यांचे पुढचे मडगार्ड चाकापासून उंच, चोचीसारखे बसविलेले असते, त्याचे कारण हेच. पुष्कळांना ती केवळ शोभा वाटते. बैलहोंगलच्या वाटेवर काडीने मडगार्डमधली माती उकरीत बसलेल्या माणसाला तसे वाटणार नाही.

चाकांच्या आकाराचेही असेच. हिमालयन आणि एक्सपल्स यांचे पुढचे चाक 21 इंचांचे आहे, तर रस्त्याच्या बहुतेक गाड्यांचे 17 किंवा 18 इंचांचे असते. मोठे वर्तुळ दगडाला किंवा खड्ड्याच्या कडेला अधिक सौम्य कोनात भिडते. लहान वर्तुळ त्यावर आदळते. भूमितीच्या वहीत दोन वर्तुळे काढून पाहिली, तर हे आठवीच्या मुलालाही दिसेल. उलट डांबरी वळणावर मोठे चाक वळावयास किंचित आळशी असते. व्ही-स्ट्रॉमचे पुढचे चाक 19 इंचांचे आहे. ती गाडी दोन्ही धन्यांपैकी रस्त्याकडे अधिक झुकते, आणि ज्यांचा प्रवास बहुतांशी डांबरी आहे त्यांना ते सोयीचेच आहे.

टायरांच्या बाबतीत तरुण मंडळी हमखास एक चूक करतात. गाडी घरी आली की लगेच गॅरेजवाल्याकडून 'बटन टायर' चढवून घेतात. खोल खाचांचे हे टायर चिखलात पकड देतात हे खरे. परंतु ओल्या डांबरावर त्यांच्या रबराचे जमिनीला टेकलेले क्षेत्रच कमी असते. ज्याच्या साठ किलोमीटरांपैकी चाळीस डांबरी आहेत, त्याने वीस किलोमीटरांसाठी त्या चाळिसांवर घसरण्याची जोखीम पत्करू नये. मध्यम खाचांचे टायर असावेत आणि रानात शिरताना हवा थोडी कमी करावी. डांबरावर परतल्यावर मात्र ती न विसरता भरून घ्यावी. त्यासाठी एक लहान हातपंप गाडीवर बाळगावा.

तारांची चाके की अलॉयची, असाही प्रश्न विचारला जातो. तारांचे चाक दगडावर आपटले तर वाकते, आणि वाकलेले पुन्हा सरळ करता येते. अलॉयचे चाक तशा माराने तडकू शकते. तारांच्या चाकात बहुधा ट्यूब असते आणि पंक्चर काढताना चाक उतरवावे लागते, ही त्याची अडचण. परंतु ट्यूबचे ठिगळ खेड्यातला सायकलवालाही लावू शकतो, आणि आडवाटेवर दुरुस्तीची जी सोय जवळ असेल ती खरी. हाच न्याय साऱ्या गाडीला लावावा. जिचा क्लचचा वायर आणि ब्रेकची पाने तालुक्याच्या गावी मिळतात, ती गाडी आपली. सुटा भाग आठ दिवसांनी येणार असेल, तर त्या आठ दिवसांत लस टोचावयास पायी जावे लागेल.

आता इंजिन. येथे जाहिरातवाले अश्वशक्तीचा आकडा मोठ्या अक्षरांत छापतात आणि दुसरा एक आकडा बारीक अक्षरांत. तो दुसरा आकडा म्हणजे ओढ. ती न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. जुन्या 411 सी.सी.च्या हिमालयनची शक्ती सुमारे 24 अश्वशक्ती; एक्सपल्स 210 चीही जवळजवळ तेवढीच. पण हिमालयनची ओढ 32 न्यूटन-मीटर, आणि तीही मिनिटाला चार-साडेचार हजार फेऱ्यांतच मिळणारी. एक्सपल्स 210 ची ओढ 20.7, आणि ती सव्वासात हजार फेऱ्यांच्या आसपास पूर्णत्वास येते. म्हणजे पहिली बैलासारखी आणि दुसरी तट्टासारखी. मग बैलच बरा, असे कोणी म्हणेल. पण त्या बैलाचे वजन तट्टापेक्षा तीस किलो अधिक आहे, हे विसरून चालणार नाही. हलक्या गाडीला ओढावयासच कमी असते. चढावर तिचा गिअर एक पायरी अलीकडे टाकला की काम भागते. भारी गाडीचे वजन मात्र कोणत्याही गिअरात कमी होत नाही.

बैठकीच्या उंचीविषयी संकोच बाळगू नये. आडवाटेच्या गाड्या पोटाखाली दगड लागू नयेत म्हणून उंच केलेल्या असतात. एक्सपल्स 200 च्या पोटाखाली 220 मिलिमीटर जागा आहे आणि तिची बैठक 823 मिलिमीटर उंच आहे. आपल्याकडील मध्यम उंचीच्या माणसाचे पाय तेथे कसेबसे टेकतात. सपाट रस्त्यावर एक पाय टेकला तरी पुरे. परंतु रानवाटेवर नेमके टेकावयाच्या ठिकाणी खळगा असतो, आणि पाय हवेत राहिला की गाडी गेलीच. दुकानात गाडीवर बसून पाहताना दुकानदार ती गुळगुळीत फरशीवर उभी करतो. आपण तिला बाहेर, उतरत्या जागेवर न्यावयास सांगावे. पायांत रोजचे बूट असावेत. ज्यांची उंची कमी आहे त्यांनी लाजून उंच गाडी घेण्यापेक्षा थोडी बुटकी घ्यावी. पोट एखादे वेळी घासेल; त्याखाली संरक्षक पत्रा असतो तो त्यासाठीच.

ब्रेकांसंबंधी एक गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. 2019 सालच्या एप्रिलपासून 125 सी.सी.वरील प्रत्येक नव्या दुचाकीस ए.बी.एस. बंधनकारक झाले. चाक एकदम जखडू न देणारी ही योजना ओल्या डांबरावर जीव वाचविते. परंतु सुट्या खड्यांच्या उतारावर तीच योजना ब्रेक पुनःपुन्हा सैल करते आणि गाडी थांबावयास अधिक अंतर लागते. म्हणून काही गाड्यांत मागच्या चाकापुरती ती तात्पुरती बंद करण्याची सोय असते. काहींत ती फक्त पुढच्याच चाकाला असते. सोय असेल तर ती वापरावयास शिकावे, पण डांबरावर आल्याबरोबर ती पूर्ववत करावी. तार तोडून ती कायमची बंद करून देणारे उपद्व्यापी गॅरेजवाले भेटतात. त्यांना लांबूनच नमस्कार करावा.

पावसाळ्यात ओढे ओलांडावे लागतात. अशा वेळी दोन गोष्टी पाहाव्यात: इंजिन हवा कोणत्या उंचीवरून घेते आणि सायलेन्सरचे तोंड किती वर आहे. आडवाटेच्या गाड्यांत ही दोन्ही उंच ठेवलेली असतात. तरीही पाणी आधी काठीने मापून, शक्य तर पायी उतरून पाहावे. ओढ्यात गाडी बुडून बंद पडलीच, तर बटन दाबून ती पुन्हा सुरू करण्याचा मोह आवरावा. इंजिनाच्या नळकांड्यात पाणी गेले असेल, तर पाणी दाबले जात नाही; आतला दांडा वाकतो आणि सारे इंजिन निकामी होते. गाडी काठावर ओढून न्यावी, स्पार्क प्लग काढावा आणि आतले पाणी बाहेर काढून टाकावे. आणि गाडी काठावर ओढावयाची म्हटली, की पुन्हा तो वजनाचाच प्रश्न आला.

एका बाबतीत मला तरुणांना शिक्षक या नात्याने बजावावेसे वाटते. रानात चालणारी गाडी म्हणजे रानात कोठेही शिरण्याचा परवाना नव्हे. खानापूर तालुक्यातील भीमगड अभयारण्य 2011 साली घोषित झाले. तेथील वाटा वन खात्याच्या नियमांनी बांधलेल्या आहेत. शिवाय म्हादईला मिळणारे लहान लहान झरे याच जंगलातून उगम पावतात. ओल्या उतारावर चार गाड्यांनी एकदा चाकोरी पाडली की पुढच्या पावसात तिचाच ओहोळ होतो आणि माती वाहून जाते. शेताच्या बांधावरून गाडी घालणारे तर शेतकऱ्याच्या वर्षाच्या कष्टावरून गाडी घालतात. आपली गाडी वाटेवरूनच न्यावी. वाट वाईट असली तरी.

असे पुष्कळसे मी त्या संध्याकाळी माझ्या विद्यार्थ्याला सांगितले. तो ऐकत होता, पण माहितीपत्रक हातातून सोडीत नव्हता. तरुण वयात डोळ्यांना जे आवडते ते बुद्धीला एकदम सोडवत नाही. मलाही सोडवले नव्हते. मी एवढेच म्हटले, "ही गाडी वाईट आहे असे मी म्हणत नाही. लेह-लडाखला सामान लादून, सोबत्यांसह जाणाऱ्याला ती उत्तम आहे. हमरस्त्यावर दिवसाला तीनशे किलोमीटर जाणाऱ्यालाही उत्तम आहे. तू मात्र रोज एकटा, बर्फपेटी घेऊन, वीस किलोमीटर वाईट वाटेने जाणार आहेस." मग अंगणात उभ्या असलेल्या शेजाऱ्यांच्या भारी गाडीकडे त्याला घेऊन गेलो. शेजाऱ्यांच्या परवानगीने आम्ही ती जुन्या गोणपाटांवर आडवी केली. त्याने तीन वेळा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी ती गुडघ्याएवढी वर आली आणि परत बसली. त्याची आई ओसरीवरून पाहत होती. ती काही बोलली नाही.

आठ दिवसांनी आम्ही दोघे मिळून दोनशे सी.सी.ची एक जुनी हलकी गाडी पाहून आलो. आडवाटेची जुनी गाडी घेताना काय तपासावे तेही थोडक्यात सांगतो. चाक हवेत उचलून फिरवावे आणि ते डुलते का पाहावे. तारांवरून पेन्सिल फिरवावी. सैल तार बद्द वाजते. पुढच्या काट्यांच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ असेल तर आतले सील गेलेले आहेत. पोटाखालचा पत्रा पाहावा. त्यावर ओरखडे असणे स्वाभाविक आहे, पण इंजिनाच्या कवचालाच खोच किंवा झाळल्याची खूण असेल तर ती गाडी सोडून द्यावी. हँडल सरळ धरले असता पुढचे चाक तिरपे दिसू नये. ही सारी परीक्षा त्या गाडीने दिली. हप्ता निम्म्याहून कमी झाला. उरलेल्या पैशांतून मी त्याला दोन वस्तू घ्यावयास लावल्या: आय.एस.आय. चिन्हाचे चांगले हेल्मेट आणि घोटा झाकणारे जाड बूट. माझ्या घोट्याची किंमत मी आधीच मोजली होती.

ऑगस्टमध्ये तो शाळेत भेटावयास आला. गुडघ्यांपर्यंत तांबडा चिखल, पाठीमागे पेटी दोरीने करकचून बांधलेली. आतापर्यंत किती वेळा पडलास, म्हणून मी विचारले. "तीनदा, सर. एकदा ओढ्याच्या काठावर, दोनदा जांभ्यावर." आणि लस? "एकदाही वाया गेली नाही," तो म्हणाला, आणि पुढच्या वाडीवर जावयाचे आहे म्हणून चहाही न घेता गेला.

श्रोतेहो, आपणांपैकी ज्यांना अशी गाडी घ्यावयाची आहे त्यांनी दुकानात जाण्यापूर्वी घरी बसून आठवडाभराचा प्रवास एका कागदावर लिहून काढावा: डांबर किती, खडी किती, चिखल किती, सोबत कोण आणि सामान काय. दहापैकी नऊ भाग डांबर असेल, तर साधी रस्त्याची गाडीच घ्यावी आणि उरलेल्या एका भागात सावकाश जावे. निम्मे वा तिसऱ्या हिश्शाएवढे कच्चे असेल, तर दीडशे ते पावणेदोनशे किलोंमधली, मोठ्या चाकांची, तारांची गाडी पाहावी. आणि पैसे मोजण्यापूर्वी ती एकदा आडवी करून, कोणाचीही मदत न घेता उभी करून पाहावी. दुकानदार नाही म्हणेल. तेव्हा एखाद्या मित्राला विचारावे. आणि मित्रही नाही म्हणाला, तर माझ्यासारख्या एखाद्या मास्तराला विचारावे.